एका चिठ्ठीला एक फूल

सुमनमावशी,

कालचं तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि सांगायला तुम्ही नाही. म्हणून सकाळपासून लिहीत बसले आहे. लॅबला गेले नाही. तब्येत बरी नाही असं कळवलं, ते खोटं आहे, कारण इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मराठीत लिहितेय. चुका राहतील. दुरुस्त करायला तुम्ही नाही, तेव्हा राहू देत.

काल तुमच्या गावच्या दारूकामाला गर्दी केवढी होती! बस शेवटच्या वळणावर आली, खाली गावातले कागदी कंदील दिसले, आणि अख्खी बस एकदम उभीच राहिली. ड्रायव्हर माइकवरून "कृपया बसून घ्या, कृपया बसून घ्या" म्हणतोय आणि कोणी ऐकत नाही. जपानमध्ये, मावशी! तुम्हीच म्हणायचात ना, की इथे लिफ्टमध्ये लोक श्वाससुद्धा परवानगी काढून घेतात. काल ते सगळे लोक खिडकीला नाक लावून उभे होते. मीसुद्धा. शेजारच्या आजींचा पंखा माझ्या कानात जात होता आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

या वेळी उन्हाळी किमोनो, युकाता, मी एकटीने नेसले. डावी बाजू वर. आरशात तीनदा बघून घेतलं.

पहिल्या वर्षी मी काय केलं होतं ते आठवतंय? पदर उजवीकडून डाव्या खांद्यावर जातो, त्या सवयीने मी युकात्याची उजवी बाजू वर घेतली आणि मोठ्या ऐटीत काकांच्या दुकानात येऊन उभी राहिले. काझुओकाका कोणाची तरी दाढी करत होते. त्यांचा वस्तरा थांबला. तुम्ही आतून आलात आणि ओरडलात, "अगं बाई! सोड, सोड आधी ते! असं इथे फक्त मेलेल्या माणसाला नेसवतात!" गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी खुर्चीतून वळून बघत होतं. मला वाटलं, आता परतीची बस पकडावी. पण तुम्ही मला आत ओढून नेलंत, कंबरपट्टा सोडलात आणि दातात पिन धरून म्हणालात, "पदराच्या हिशोबाने नेसलीस ना? मीही लग्नाच्या वर्षी अशीच नेसले होते. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनाच हसू आलं."

जूनमध्ये तुम्हाला त्या पांढऱ्या किमोनोत बघितलं. उजवी बाजू वर होती. माझ्या मनात सगळ्यांत आधी काय आलं सांगू? आज मावशी माझ्यासारख्या नेसल्या आहेत. आणि मला हसू आलं. खरंच. पोस्टातल्या मेगुमी-सान शेजारी होत्या, त्यांना वाटलं मी रडतेय, त्यांनी रुमाल दिला. मग रुमाल हातात आहेच म्हणून रडले.

पण काल. काल मी भिंतीवर चढले. त्सुनामीनंतर बांधलेली ती भिंत मला आधी अजिबात आवडायची नाही. "समुद्र बघायला आलीस ना? तो आम्ही भिंतीमागे ठेवलाय," असं तुम्ही पहिल्या दिवशी म्हणाला होतात, आणि मला हसावं की नाही ते कळलं नव्हतं. काल त्याच भिंतीवर टोकापासून टोकापर्यंत निळ्या ताडपत्र्या अंथरल्या होत्या, त्यांच्या कडेला चपला ओळीने लावलेल्या, आणि भाजलेल्या माकुळाचा आणि सोया सॉसचा वास खालून वर येत होता. ढोल सुरू झाले. मी धावत खाली गेले आणि बर्फाचा गोळा घेतला. निळा. तुम्ही दर वर्षी माइकवर बसायच्या आधी निळाच गोळा खायचात आणि मला जीभ काढून दाखवायचात. सगळ्या गावाला ऐकू येणारा तो गंभीर आवाज निळ्या जिभेतून येतोय, हे फक्त मला आणि काकांना माहीत असायचं.

या गावाचं दारूकाम मोठ्या शहरांसारखं नाही. (मी फायरवर्क्स म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, "शोभेचं दारूकाम म्हण. तोंड कसं भरतं.") मोठ्या शहरात तासभर नुसती धडाधड चालते, कोणतं कोणाचं ते कळत नाही. इथे एका चिठ्ठीला एक फूल. ज्याला आपल्या माणसाच्या नावाने एक फूल उडवायचं असेल त्याने चिठ्ठी लिहायची आणि काकांच्या दुकानातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. केस कापायला यायचं आणि चिठ्ठी टाकून जायचं. मग त्या संध्याकाळी माइकवर एक चिठ्ठी वाचली जाते, सगळं गाव गप्प होतं, समुद्रातल्या तराफ्यावरून एक शीळ वर जाते, आणि एक फूल फुटतं. आवाज डोंगरावर आपटून परत येतो. मग पुढची चिठ्ठी.

पहिल्या वर्षी तुम्ही वाचलेल्या चिठ्ठ्या मला अजून पाठ आहेत. "आजोबांना. तुमची होडी रंगवली. निळीच ठेवली." "आईला. तुझ्यासारखं लोणचं अजून जमत नाही." आणि मध्येच, "आमच्या मुलीला. ड्रायव्हिंगची परीक्षा चौथ्या खेपेला पास झाल्याबद्दल अभिनंदन. गावाने सावध राहावं." सगळी भिंत हसली. त्यानंतर लगेच एका चिठ्ठीत फक्त एक नाव होतं, आणि सगळी भिंत गप्प झाली. हसणं आणि गप्प होणं यांच्यामध्ये तुम्ही आवाज कुठेही बदलला नाहीत.

परत आल्यावर मी विचारलं होतं, तुम्हालाच कसा माइक मिळाला? तुम्ही काकडी चिरत होतात.

"त्सुनामीनंतरच्या पहिल्या दारूकामाला वाचणाऱ्या बाईंना दुसऱ्या चिठ्ठीलाच जमेना. त्यांच्याच आळीतली नावं गं. मग म्हणाले, सुमान-सान बाहेरच्या आहेत, त्या वाचतील. बाहेरची होते म्हणून दिला. रडले नाही म्हणून राहिला."

"रडला नाहीत?"

"युक्ती आहे. चिठ्ठी आधी वाचायची नाही. आधी वाचली की आवाजाला कळतं पुढे काय येणार आहे, आणि तो आधीच पडतो. उघडायची आणि वाचायची. बास."

मी शास्त्रात डॉक्टरेट करतेय, पण इतकी कामाची युक्ती मला अजून कोणी शिकवलेली नाही.

आता गेल्या वर्षीचं. ते टाळून पुढे जाता येणार नाही.

दारूकामाच्या दुपारी मी तुमच्या स्वयंपाकघरात थालीपीठ थापत होते, तुम्ही बघत होतात, आणि मी बाबांचं सांगितलं. जपानला यायच्या आदल्या वर्षी गेले, हे मी इथे कोणालाच सांगितलं नव्हतं. लॅबमध्ये नाही, रूममेटला नाही. बाबांना दिवाळीत फक्त भुईनळे आवडायचे, हेही सांगितलं. इमारतीतला म्हातारा कुत्रा आवाजाला घाबरतो म्हणून ते बॉम्ब आणायचे नाहीत. भुईनळा पेटवला की मागे पळायचे आणि पळता पळता आम्हालाच ढकलायचे. तुम्ही हसलात. मग म्हणालात,

"मग टाक की एक चिठ्ठी त्यांच्या नावाने."

"आमच्याकडे नाही चालत, मावशी. बाबा गेले त्या दिवाळीला आम्ही आकाशकंदीलसुद्धा लावला नाही. आईने भुईनळ्यांचा जुना खोका वॉचमनला देऊन टाकला."

"मला सांगतेस? मी काय इथे जन्मले? पण इथे उलटं आहे, केतकी. नुकत्याच गेलेल्या माणसाचं फूल सगळ्यांत मोठं. त्याला पहिल्या वर्षी घराची वाट लांबून दिसायला हवी ना."

"पण मी इथली नाही."

"मीही नाही. म्हणून तर माइक माझ्याकडे."

"बघते. विचार करते."

माझ्या तोंडी 'विचार करते' म्हणजे 'नाही'. तुम्हाला ते माहीत होतं. तरी संध्याकाळी माइकवर तुम्ही एक चिठ्ठी उघडलीत आणि वाचलंत, "सेंदाईला शिकणाऱ्या केतकीच्या वडिलांना. तुमची मुलगी बरी आहे. वेळेवर जेवते. कमी बोलते, पण बघते सगळं."

आजूबाजूच्या चार ताडपत्र्या माझ्याकडे वळल्या. लोक वाकून मान लववत होते. माझ्या मानेपर्यंत गरम झालं. शीळ वर गेली आणि मी खाली बघितलं, माझ्या लाकडी चपलेच्या लाल बंदाकडे. वरून आवाज आलाच नाही. फक्त लोकांचा "ओऽऽ" ऐकू आला, आणि तो इतर फुलांपेक्षा खूप जास्त वेळ चालला. चपलेवर, माझ्या पायांवर पिवळा उजेड पडला, हळूहळू गेला. मी वर बघितलं नाही.

दारूकाम संपायच्या आधीच्या बसने निघून गेले. बसमधून तुम्हाला इंग्रजीत मेसेज केला. थँक यू फॉर अ लव्हली ईव्हनिंग. खाली स्वतःचं पूर्ण नाव, आडनावासकट.

तुमचं उत्तर सकाळी आलं. "चिडलीस ना? मराठीत चिड. म्हणजे मला भांडता येईल."

मी उत्तर दिलं नाही. हिवाळ्यात तुम्ही सुकवलेल्या पर्सिमन फळांचा डबा पाठवलात, मी दुकानातून आणलेलं थँक यू कार्ड पाठवलं. किती सभ्य! मला वाटत होतं, उन्हाळ्यात जाईन, तेव्हा बोलू. मे महिन्यात तुम्ही आजारी असल्याचं काकांनी कळवलं. मी प्रवासाचा दिवस ठरवला. मग परीक्षकांनी माझी प्रेझेंटेशनची तारीख बदलली, आणि मी दिवस पुढे ढकलला. बास, एवढंच झालं. त्यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

तर आता चिडते, मावशी, मराठीत. ते माझे बाबा होते. तुम्ही त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यांना त्या माइकवर न्यायच्या आधी मला विचारायला हवं होतं, आणि मी 'विचार करते' म्हटलं तर खरंच विचार करू द्यायला हवा होता. मला अनोळखी लोकांनी माझ्याकडे बघून हळहळलेलं आवडत नाही. तुम्हाला हे माहीत होतं आणि तरी तुम्ही केलंत. झालं माझं बोलून. आता तुमची पाळी आहे, आणि तुम्ही गप्प आहात, जे तुम्हाला मुळीच शोभत नाही.

जुलैत काकांचा फोन आला. काका तुमच्याकडून मराठी शिकले, त्यामुळे ते 'मी आले', 'मी जेवले' म्हणतात. "दुरुस्त का करत नाही?" असं मी एकदा विचारलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "राहू दे. घरात दोन बायका आहेत असं वाटतं, बरं असतं." फोनवर ते म्हणाले, "केतकी, मी लिहायला बसले. सुमनची चिठ्ठी. जमत नाही. तू लिही." मग जपानीत बोलायला लागले. गेल्या वर्षी तुम्ही दारूकाम करणाऱ्या म्हाताऱ्यांकडे दोनदा गेला होतात म्हणे. डोंगरापलीकडे, त्या उन्हात. त्यांना म्हणालात, आवाज नको, कुत्रा घाबरतो. सोनेरी हवं. आमच्याकडे एक असतं, ते जमिनीवरून वर उडतं आणि झाडासारखं पसरतं, तसं करा, पण आकाशातून खाली. आणि लवकर विझायला नको. त्या म्हाताऱ्यांनी विचारलं, कोणता कुत्रा? तुम्ही म्हणालात, तो आता नसेल, पण तरी.

"छान होतं ना?" काका म्हणाले. "तू बघितलंस ना?"

माझ्या हातातला फोन गरम झाला होता.

"नाही, काका. मी खाली बघत होते."

त्यांच्या दुकानातलं रेडिओवरचं हवामान मला ऐकू येत होतं. मग ते म्हणाले, "मग या वर्षी बघ. मी तेच मागवते."

चिठ्ठी मी सात वेळा लिहिली. इंग्रजीत छान झाली, म्हणून फाडली. जपानीत व्याकरण बरोबर आलं, म्हणून फाडली. मराठीत लिहिली तर मेगुमी-सानना वाचता येणार नव्हती. या वर्षी माइक त्यांच्याकडे आहे, आणि त्या इतक्या घाबरल्या होत्या की काल दुपारी त्यांनी माइकच्या मंडपात मला तीन वेळा विचारलं, "सुमान-सान पाणी कुठे ठेवायच्या? डावीकडे की उजवीकडे?" मी म्हटलं, पाणी नाही, गोळा. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी जीभ काढून दाखवली. त्या आधी दचकल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा खाली आला. मी जीभ काढली, मावशी! पोस्टातल्या बाईंना!

"तुमची चिठ्ठी मराठीत असेल ना?" त्यांनी विचारलं. "मग ती तुम्हीच वाचा. मी खूण करेन."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. आणि "विचार करते" असंसुद्धा तोंडातून आलं नाही. नुसती मान हलली, आणि ती वरून खाली हलली.

अंधार पडला. शीळ वर गेली, पहिलं फूल फुटलं, आणि दारूचा तो वास भिंतीवरून खाली आला. नरकचतुर्दशीच्या पहाटेचा वास, अंगाला उटणं लावून गॅलरीत उभं राहिल्यावर येतो तोच. मला ऑगस्टमध्ये, समुद्राकाठी, अंगावर काटा आला. मेगुमी-सान चिठ्ठ्या वाचत होत्या. हिरवी फुलं, जांभळी फुलं, एक वाकडं हसरं तोंड निघालं आणि सगळे ओरडले. तुमच्या नावाच्या चिठ्ठ्या मध्ये मध्ये येत होत्या, माहीत आहे? "सुमान-सानना. माझी चिठ्ठी तुम्ही चुकीच्या नावाने वाचली होतीत. वडिलांना ते नाव आवडलं असतं." "सुमान-सानना. तुमच्या तिखट भाजीने माझी सर्दी गेली होती." भिंत हसत होती. मी मंडपात उभी राहून हाताचे तळवे युकात्याला पुसत होते. काका खुर्चीवर बसले होते, दुकानातल्या पांढऱ्या कोटात, कारण तुम्हाला तो आवडायचा.

मेगुमी-साननी खूण केली.

मी चिठ्ठी उघडली. ती कोरी होती. मीच कोरी टाकली होती. आधी वाचायची नाही, असा नियम आहे ना, आणि स्वतः लिहिलेली चिठ्ठी आधी न वाचण्याचा दुसरा मार्ग मला सुचला नव्हता.

माइक मला वाटला होता त्यापेक्षा जड होता. मी जपानीत म्हटलं, "सुमान-सानना. आणि माझ्या वडिलांना." माझा आवाज भिंतीवरच्या कर्ण्यांतून गेला, डोंगरावर आपटला आणि परत आला. मग मराठीत म्हटलं,

"मावशी, बाबा. वेळेवर जेवते. बोलतेय. आणि बघतेय."

शीळ वर गेली. वर, अजून वर, इतकी वर की मला वाटलं ती हरवली. मग आवाज न होता सोनं सांडलं. मावशी, कसं सांगू! आधी एक ठिपका, मग तो चारी बाजूंनी उघडला, आणि त्याच्या रेघा खाली यायला लागल्या, सावकाश, एकेक रेघ वेगळी, बाबांच्या भुईनळ्याच्या ठिणग्या शेवटी शेवटी जशा वाकतात तशाच वाकून. मला वाटलं आता विझेल. विझलं नाही. रेघा समुद्राकडे येत राहिल्या. खाली पाण्यातून तसंच झाड वर येत होतं, आणि मधला अंधार कमी कमी होत चालला होता. मला वाटलं आता नक्की विझेल. मी एक पाऊल मागे सरले आणि काकांना धक्का दिला. बाबा द्यायचे तसा.

शेवटची रेघ पाण्याला लागली. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि माझ्या लक्षात आलं की सगळे समुद्राकडे नाही, मंडपाकडे बघताहेत. मेगुमी-सान दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होत्या आणि त्यांचे डोळे वाहत होते. माइक माझ्याच हातात होता. चालू. आणि ते फूल खाली येत असताना सगळा वेळ मी त्यात ओरडत होते, लहान मुलीसारखी, अख्ख्या गावाला, डोंगरालासुद्धा ऐकू जाईल अशी: "अजून आहे! अजून आहे! अजून आहे!"

मी. जी रेस्टॉरंटमध्ये पाणी मागायला पाच मिनिटं घेते.

काका खुर्चीतून उठले, माझ्या हातातून माइक काढून घेतला, तो बंद केला आणि म्हणाले, "मी रडले नाही."

"मीपण नाही," मी म्हटलं.

परतीच्या बसच्या रांगेत मिठाईच्या दुकानातल्या आजी माझ्या पुढे होत्या. त्या मागे वळल्या. गेल्या वर्षी माझ्याकडे बघून मान लववणाऱ्यांत त्याही होत्या, मी ओळखलं. "ते काय म्हणत होतीस गं तू?" त्यांनी विचारलं, आणि मग स्वतःच म्हणून दाखवलं, प्रत्येक अक्षर नीट जपून, चिमट्याने मिठाई उचलावी तसं: "आ-जू-न आ-हे."

मी त्यांना जपानीत अर्थ सांगितला. त्यांनी ऐकून घेतला, भिंतीकडे बघितलं, भिंतीमागच्या समुद्राकडे बघितलं.

"हो," त्या म्हणाल्या. "मलाही तसंच दिसलं."